अण्णांच्या न उघडलेल्या मेल

कॉम्प्युटर बिघडला की आमच्याकडे प्रत्येकाच्या तोंडी एकच औषध असतं, फॉरमॅट मार. कात्रपमधला कॉम्प्युटरचा दुकानवाला तेच सांगतो, नवरा तेच सांगतो, पुण्याहून भाऊ फोनवर तेच सांगतो. त्या डब्यात कुणाचं काही नसतंच जणू. त्या आठवड्यात मी ते दोन शब्द इतक्यांदा ऐकले की शेवटी नवऱ्याला म्हटलं, आता पुन्हा बोललास तर तुलाच फॉरमॅट मारीन. तो हसला. मी हसले नव्हते.

डब्यात काय होतं ते आधी सांगते. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, दोनशेहून जास्त मेल होत्या. त्यातली फक्त पहिली मी वाचली होती. बाकीच्या जशा आल्या तशा पडून होत्या, आणि अण्णा जाऊन चार महिने झाले होते. त्या मेल जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या. मेलची जागा सारखी भरायची म्हणून आमच्या केबलवाल्याने फार पूर्वी अशी सोय करून दिली होती की आलेली मेल माझ्या कॉम्प्युटरवर उतरायची आणि नेटवरून पुसली जायची. तेव्हा मी त्याला चहा पाजला होता.

अण्णा आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात देव्हारा नाही, पूजा नाही. मी लग्न केलं ते बदलापूरजवळच्या एका शेतकरी हिंदू घरातल्या मुलाशी. अण्णांनी त्याला विरोध केला नाही, उलट रजिस्टर ऑफिसात साक्षीदार म्हणून स्वतः सही केली. मग आम्ही बदलापुरातच, कात्रपला फ्लॅट घेतला आणि सासूबाईंनी सत्यनारायणाचा हट्ट धरला. एक दिवसाचा प्रश्न आहे, म्हाताऱ्या माणसाचं मन राहील, असं मी स्वतःला समजावलं आणि नवऱ्याशेजारी पाटावर बसले. अण्णांना मी संध्याकाळी सहाला बोलावलं होतं. पूजेचं सांगितलं नव्हतं. लपवलं होतं हे खरं आहे.

ते साडेचारलाच आले. काही मदत लागेल म्हणून लवकर आले असणार, कारण हातात पेढ्यांचा बॉक्स होता आणि दुसऱ्या हातात खिळे ठोकायची हातोडी. दारातच थांबले. आतमध्ये भटजी, सासर, शेजारपाजार, आणि मी पाटावर, हात नवऱ्याच्या हाताला लावलेला. त्यांनी बॉक्स चपलांच्या रॅकवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बावीस प्रतिज्ञा तुला पाठ होत्या." आणि जिना उतरून गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

माझी चूक होती, मान्य. पण मला बाजूला बोलावता आलं असतं, दुसऱ्या दिवशी येऊन कानाखाली वाजवता आली असती. सासरच्या चाळीस माणसांसमोर त्यांनी माझी अब्रू काढली. भटजी मध्येच थांबले, मग कुणीतरी पुढे म्हणा म्हणालं, आणि मी तशीच बसून राहिले. तो पाऊण तास मी कधी विसरणार नाही. आज लिहितानाही माझे कान गरम झालेत.

आठ दिवसांनी पहिली मेल आली. अण्णा निवृत्तीनंतर विहारातल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कॉम्प्युटर वर्गाला जायचे आणि एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले होते. मला वाटलं, राग उतरला असेल. उघडली तर काय, बावीसच्या बावीस प्रतिज्ञा नंबर घालून लिहिलेल्या, त्यातल्या मी मोडलेल्यांखाली रेघ मारलेली, आणि शेवटी, 'उत्तराची अपेक्षा आहे.' मी उत्तर दिलं नाही. मेलच्या प्रोग्रॅममध्ये एक नियम घालून ठेवला. अण्णांच्या पत्त्यावरून काहीही आलं की ते समोर न येता थेट एका फोल्डरमध्ये जाऊन पडायचं.

फोल्डरच्या नावापुढे न वाचलेल्या मेलचा आकडा दिसतो. दर रविवारी तो एकने वाढायचा. मी तो आकडा बघायचे, पण उघडायचे नाही. पुसून टाकायचा धीर नव्हता आणि वाचायचा मोठेपणा नव्हता. एखाद्या लग्नात किंवा चौदा एप्रिलला भेट व्हायची, तेव्हा ते जय भीम म्हणायचे, मीही जय भीम म्हणायचे, आणि आमचं बोलणं तिथे संपायचं. दोघंही हट्टी. त्यातला कुणी कुणापेक्षा कमी नव्हता.

मग एका सकाळी अंबरनाथच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना ते दुसऱ्या मजल्यावर टेकले आणि उठलेच नाहीत. हृदय बंद पडलं. आई आधीच गेली होती, ते एकटेच राहायचे. भाऊ पुण्याहून आला, तीन दिवसांत त्याने घर रिकामं केलं आणि अण्णांचा कॉम्प्युटर एका ओळखीच्या माणसाला देऊन टाकला. जसा होता तसा दिला, मेल उघडी आणि पासवर्ड आतच. त्याला विचारलं तर म्हणाला, अगं, भंगारच होतं ते. भावाला मी लहानपणी बदडलं होतं, त्याहून जास्त बदडायला हवं होतं.

आकडा दोनशे सहावर थांबला. सोळा रविवार तो हलला नाही. आणि एका मंगळवारी दुपारी मी पाहिलं तर दोनशे सात.

मेलेला माणूस मेल पाठवत नाही हे मला कळतं. मी शिकलेली बाई आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करते. तरी माझा हात गेला. वर विषय होता 'पाणी', अण्णांच्याच जुन्या एका मेलचा, त्याला उत्तर म्हणून आल्यासारखा. आत दोन ओळी इंग्रजीत, सोबतचा कागद तातडीने पाहावा, आणि खाली एक फाइल जोडलेली. अण्णांनी मला आयुष्यात इंग्रजीत एक ओळ लिहिली नव्हती. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, समजत होतं, आणि मी ती फाइल उघडली. चार वर्षं बापाची एक मेल उघडली नाही, आणि त्याच्या नावाने चोराने पाठवलेली पहिल्या मिनिटाला उघडली. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मी स्वतःला जे म्हणाले ते इथे लिहिता येणार नाही.

संध्याकाळपर्यंत माझ्या नावाने तशीच मेल सगळ्या क्लासवाल्यांना गेली होती. एकाने फोन करून मला झाप झाप झापलं. कॉम्प्युटर रांगायला लागला, आपोआप खिडक्या उघडायला लागल्या. नवऱ्याने प्लग काढला आणि शांतपणे म्हणाला, फॉरमॅट मारू. मी म्हटलं, अण्णांच्या मेल आहेत. तेव्हा तो जे बोलला ते सहज बोलला, हे मलाही माहीत आहे.

"पण तू त्या कधी उघडल्या तरी होत्यास का?"

त्या रात्री मी त्याला जेवायला वाढलं ते ताट आपटूनच. राग त्याचा नव्हता, पण तिथे तोच होता.

कात्रपच्या दुकानवाल्याने डबा उघडायच्या आधीच विचारलं, सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे ना? आमच्या भागात हे शाळेत शिकवल्यासारखं सगळ्यांना पाठ असतं. सी ड्राइव्ह फॉरमॅटमध्ये जातो, डी ड्राइव्ह वाचतो, म्हणून फोटो, कागदपत्रं, लग्नाचा व्हिडिओ, सगळं डीमध्ये. मीही तसंच करत आले. पण मेलची फाइल प्रोग्रॅम आपली आपण सीमध्येच ठेवतो, तीही लपवून ठेवलेल्या फोल्डरमध्ये. मी हे त्याला सांगितलं तर तो मलाच समजावायला लागला, मॅडम, मेल तर नेटवर असतात, कुठे जात नाहीत. मी तीनदा सांगितलं की नेटवर नाहीत. तिसऱ्यांदाही त्याने मान हलवली आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला. मी डबा उचलून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने स्कूटरवर पायांमध्ये डबा धरला आणि आम्ही उल्हासनगरला, कॅम्प दोनला गेलो. तिथे एका गल्लीत, खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि वर हे दुकान. मालक साठीचे सिंधी गृहस्थ, त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी आधी नेटची वायर आपल्या हाताने बाजूला केली, मग कॉम्प्युटर चालू केला, तेव्हाच मला जरा बरं वाटलं. फाइल सीमध्ये आहे म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही, लपवलेलं फोल्डर उघडून दाखवलं. एवढा मोठा आकडा होता फाइलचा. मग त्यांनी व्हायरस शोधायचा प्रोग्रॅम लावला आणि आम्ही प्लॅस्टिकच्या स्टुलांवर बसून राहिलो. खालून शिलाई मशिनांचा आवाज येत होता.

अर्ध्या तासाने पडद्यावर लाल चौकट आली. सापडला. आणि कुठे सापडला, तर त्या मेलच्या फाइलमध्ये. प्रोग्रॅम विचारत होता, फाइल पुसू का? काकांचं बोट माउसवर होतं. त्यांनी दिवसात पन्नास वेळा ते बटण दाबलं असेल. मी उठले आणि त्यांचं मनगट धरलं. माझ्या नवऱ्याने डोळे मिटले.

मी म्हटलं, हे बटण दाबलंत तर मी इथून उठणार नाही. काकांनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, काय आहे ह्यात, धंद्याचं काही? मी म्हटलं, वडील आहेत.

"जिंदा हैं?"

"नाही."

त्यांनी माउस सोडला. मग स्टूल माझ्याकडे वळवून मला नीट सांगितलं. "बघा मॅडम, व्हायरस एकाच मेलमध्ये आहे. पण हा प्रोग्रॅम सगळ्या मेलचा एकच गठ्ठा बांधून ठेवतो. व्हायरसवाल्याला गठ्ठा दिसतो, चिठ्ठी नहीं दिखती. म्हणून तो पूरा गठ्ठा फेकायला सांगतो. चिठ्ठी कौनसी है, आप बताओ."

ते शोधायला डोकं लागत नव्हतं. न वाचलेली मेल जाड अक्षरात दिसते. अण्णांच्या त्या लांबलचक यादीत फक्त दोन ओळी बारीक होत्या, सगळ्यात पहिली आणि सगळ्यात शेवटची. मी स्वतः ती शेवटची पुसली. मग काकांनी कचऱ्याच्या फोल्डरमधूनही काढायला लावली, आणि फाइल दाबून तिच्यातली मोकळी जागा बाहेर काढली, कारण पुसलेलं लगेच जात नाही म्हणे, तिथेच पडून राहतं. पुन्हा शोधलं. ह्या वेळी लाल चौकट आली नाही.

फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून काका म्हणाले, हो गया. नवरा उठला, त्याला ऑफिस होतं. मी म्हटलं, दुसऱ्या मशिनवर उघडून दाखवा. काकांना ते आवडलं नाही. तीस वर्षांत कुणी अशी शंका घेतली नाही असं काहीतरी सिंधीत पुटपुटले, पण बाजूच्या मशिनवर पेन ड्राइव्ह लावला. फाइल उघडेना. खराब आहे, असं मशीन सांगत होतं. झालं असं होतं की कॉपी करताना मेलचा प्रोग्रॅम मागे उघडाच राहिला होता, आणि तो उघडा असला की फाइल धड उतरत नाही.

मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. गल्लीतून वर बघणारी माणसं आठवतात. 'हो गया' म्हणणाऱ्या सगळ्या पुरुषांबद्दल मी बोलले, त्यात काका होते, केबलवाला होता, माझा भाऊ होता, नवरा काही न बोलता उभा होता तरी तोही होता. काकांनी ऐकून घेतलं. मग मेलचा प्रोग्रॅम बंद केला, फाइल पुन्हा उतरवली, बाजूच्या मशिनवर उघडली आणि स्टूल सरकवून मला पुढे बसवलं. सगळी यादी समोर होती, दोनशे सहा ओळी जाड अक्षरात आणि वर एक बारीक. मी ही कॉपीही व्हायरससाठी तपासून घेतली, आणखी एका पेन ड्राइव्हवर दुसरी कॉपी करून घेतली, तीही उघडून बघितली. मग म्हटलं, आता मारा तुमचं फॉरमॅट.

कॉम्प्युटर दोन दिवसांनी घरी आला. रविवार होता. नवरा सासूबाईंकडे गावी गेला होता, मुद्दामच गेला असावा. मी दुसऱ्या मेलपासून सुरुवात केली. मेलवर क्लिक केलं तर आधी एक छोटी खिडकी आली. ही मेल वाचल्याची पोच पाठवणाऱ्याने मागितली आहे, पाठवायची का? होय की नाही? मी नाही दाबलं. तिसऱ्या मेललाही तेच. चौथ्यालाही. मग माझ्या लक्षात आलं. अण्णा जन्मभर कारखान्याच्या ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर होते. पोच घेतल्याशिवाय त्यांनी एक कागद कधी कुणाच्या हातात दिला नाही. पहिल्या मेलचं उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी वर्गात विचारून ही सोय शिकून घेतली असणार. म्हणजे चार वर्षं, दर रविवारी, त्यांना पक्कं माहीत होतं की मी उघडत नाही.

सुरुवातीच्या दहा-बारा मेलमध्ये मला झोडपलंच होतं. वाचताना मला सणसणीत राग आला, आणि खरं सांगते, बरंही वाटलं, कारण माणूस तोच होता. मग हळूहळू प्रतिज्ञा कमी झाल्या आणि बाकीचं सुरू झालं. बिल्डिंगच्या टाकीत पाणी चढत नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस मोटर लावतो, त्याच्याशी भांडण केलं. भाकरी आता जमते, पण फुगत नाही. कुठल्याही मेलमध्ये माफी नव्हती. तू कशी आहेस, हेही नव्हतं. मला वाटलं होतं, कुठेतरी एक ओळ असेल. मी त्या ओळीसाठी काकांचं मनगट धरलं होतं, हे तोवर मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

एकशे ब्याण्णवावी मेल त्यांच्या मृत्यूच्या साडेतीन महिने आधीची. ती तशीच्या तशी देते.

'जिना चढताना दुखतं म्हणून डॉक्टरांकडे गेलो. अँजिओग्राफी सांगितली आहे. तुझ्या भावाला सांगितलं तर तो धावत येईल आणि रडत बसेल. तू रडणारी नाहीस, म्हणून तुला विचारतो. करू की नको? शनिवारची तारीख मिळाली आहे. शुक्रवारपर्यंत वाट बघतो.'

त्याच्या पुढची, नेहमीप्रमाणे रविवारची.

'तुझं उत्तर नाही. म्हणजे नको, असं समजून तारीख रद्द केली. टाकीचं काम कालपासून सुरू झालं.'

मी खुर्चीतून उठले आणि कीबोर्ड भिंतीवर फेकला. त्याची बटणं सोफ्याखाली गेली, ती अजून सगळी सापडलेली नाहीत. शेजारीण दार वाजवायला आली, तिला परत पाठवलं.

अण्णा, तुम्हाला माहीत होतं. एकशे नव्वद मेलची पोच तुम्हाला आली नव्हती. आवक-जावकवाल्या माणसाला माहीत नव्हतं का, की ज्याची पोच नाही तो कागद पोचलेला नाही? आणि तुम्ही नेमकं हेच तिथे विचारलंत. अंबरनाथहून कात्रपला रिक्षा वीस मिनिटांत येते. माझा नंबर तुमच्याकडे होता, तुमच्या फोनमध्ये पहिला होता, मी बघितलाय. दारात येऊन शिव्या दिल्या असत्यात तरी चाललं असतं. तुम्ही मला विचारलंत असं दाखवलंत आणि विचारलं नाहीत, आणि निर्णय माझ्या नावावर लावून निघून गेलात. हा राग मी कुणावर काढू?

फोन करायचा होता, अण्णा. मी उचलला असता का, हे मात्र आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.